पोरांच्या गुणांना आमचा पगार बांधू नका

दौंड आणि शिरूर तालुक्यांतील शिक्षकांचा जाहीरनामा
मुक्काम खुटबाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे

आम्ही शिकवणारी माणसं आहोत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, कोणी अनुदानित विद्यालयात, कोणी विनाअनुदानित तुकडीवर, कोणी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जून ते एप्रिल एवढ्याच मुदतीच्या ऑर्डरवर. कोणाचा पगार शालार्थमधून बँकेत जमा होतो, कोणाच्या हातात पाकीट पडतं. सकाळी पुणे-दौंड गाडीने यवत, खुटबाव, केडगाव, पाटस अशा स्टेशनांवर उतरणारे आम्हीच आणि भीमेपलीकडून मोटारसायकलवर येणारेही आम्हीच. आजवर प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं आणि संघटनाही वेगळी होती. आता एकच दुखणं सगळ्यांच्या दारात आलं आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून हा जाहीरनामा काढला आहे.

दुखणं असं, की शिक्षकाने काय काम केलं हे पाहायचंच नाही. त्याच्या वर्गातल्या मुलांना किती गुण पडले ते पाहायचं आणि त्यावर त्याच्या घरातला किराणा ठरवायचा. याला आमचा विरोध आहे. तो का आहे, हे आम्ही गावासमोर, पालकांसमोर आणि सरकारसमोर सविस्तर मांडतो.

आमच्यातल्या काही जणींपुढे एका खासगी शाळेने नवा करार ठेवला. त्या शाळेचं नाव आम्ही लिहीत नाही. आमचं भांडण एका इमारतीशी नाही आणि त्या इमारतीत आमच्या बहिणी अजून नोकरी करतात. करार इंग्रजीत होता. तो ऑफिसात बसून वाचायचा, तिथेच सही करायची, प्रत घरी न्यायची नाही. पगाराचे दोन भाग पाडले होते. एक ठरलेला, दुसरा ‘परफॉर्मन्स’चा. दुसरा भाग मिळण्यासाठी घटक चाचण्यांत वर्गाची सरासरी ठरलेल्या आकड्यावर हवी, पालकांनी मोबाइलवर दिलेले तारे पुरेसे हवेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत दारोदार फिरून नवे प्रवेश आणलेले हवेत आणि रजा कमी हव्यात. बाळंतपणाची रजा या हिशेबात धरणार की नाही, याबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं. गणिताच्या बाईंनी विचारलं, “माझ्या वर्गात दोन मुलांना अजून अक्षर लागत नाही. त्यांचं काय?” उत्तर मिळालं, “ते तुम्ही बघा.”

या चळवळीचा जन्म त्या उत्तरातून झाला. ज्या मुलाला अक्षर लागत नाही, त्याच्यासाठीच तर शाळा असते. ज्याला घरी वाचून दाखवणारं कोणी आहे, ज्याच्या आईने अंक गिरवून घेतले आहेत, ते मूल शिक्षक बरा नसला तरी चार अक्षरं शिकतं. ज्याला शाळेशिवाय कोणी नाही, ते पोर या नव्या करारात मास्तरला महाग पडतं. पगाराचा असा हिशेब एकदा लागला, की वर्गात शिरताना शिक्षकाची नजर आधी कुठे जाईल याचा विचार पालकांनी करावा. आम्ही माणसं आहोत. आम्हालाही हप्ते आहेत, घरी म्हातारी माणसं आहेत. जो करार चांगल्या माणसाला कच्च्या मुलाचा राग करायला शिकवतो, तो करारच वाईट आहे.

हे खूळ फक्त खासगी संस्थांचं असतं, तर आम्ही तिथेच भांडून मोकळे झालो असतो. पण सरकारनेही हा रस्ता चालून पाहिला आहे. 23 ऑक्टोबर 2017 रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी, जिला आम्ही अजून ‘चटोपाध्याय’ म्हणतो, आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी, या दोन्हींना त्यात नव्या अटी जोडल्या. प्राथमिक शिक्षकाची शाळा ‘प्रगत’ हवी आणि शाळासिद्धी या शाळेच्या मूल्यांकनात तिला ‘अ’ श्रेणी हवी. माध्यमिक शिक्षकाच्या शाळेचा नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा. म्हणजे बारा वर्षं एखाद्याने खपून शिकवलं, पण शाळेला कुंपणाची भिंत नाही, स्वच्छतागृहाला पाणी नाही म्हणून श्रेणी घसरली, तर वेतनश्रेणी अडली. भिंत बांधणं त्या शिक्षकाच्या हातात आहे का? पाण्याची टाकी मंजूर करण्याचे अधिकार त्याला आहेत का? राज्यभर शिक्षकांनी विरोध केला आणि 2019 मध्ये ही अट मागे घ्यावी लागली. उरली ती प्रशिक्षणाची अट. त्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं 2000 रुपये शुल्कही शिक्षकांनीच आपल्या खिशातून भरलं.

2017 ची ती अट गेली तरी तिच्या मागचा विचार गेलेला नाही. शिक्षकाची नोकरी कच्ची करायची, मग कच्च्या नोकरीवरच्या माणसाला काहीही मान्य करायला लावायचं, असं गेली पंचवीस वर्षं टप्प्याटप्प्याने चाललं आहे. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं मानधनावर गेली. प्राथमिक शिक्षणसेवकाला 2022 संपेपर्यंत महिना 6000 रुपये मिळत होते. त्याच काळात उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या बाईची महिन्याची मजुरी त्याच्या आसपास होती, आणि ती तरी कुठे पुरेशी होती? उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर ही रक्कम 2023 मध्ये 16000 झाली. मग 5 सप्टेंबर 2024 ला, शिक्षक दिनाच्या दिवशी, कमी पटाच्या शाळांतल्या दोनपैकी एका जागेवर 15000 रुपये मानधनाचा कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय निघाला. वीस पोरांची शाळा लहान म्हणून तिचा शिक्षकही स्वस्त, असा हा हिशेब होता. वाडीवस्तीवरच्या आईबापांनी तो नीट समजून घ्यावा. विनाअनुदानित शाळांतल्या आमच्या सहकाऱ्यांची गोष्ट तर याहून जुनी आणि याहून कडू आहे. वीस टक्के, चाळीस टक्के अशा अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहता पाहता माणसं निवृत्तीच्या वयाला पोचली.

निकालावर पगार ठरला की शाळेत काय होतं, हे आम्हाला परदेशातून शिकायची गरज नाही. दहावीच्या निकालाची पाटी शाळेच्या फाटकावर लागायला लागली, तेव्हापासून ते आम्ही पाहत आहोत. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ असा फ्लेक्स लागतो, तेव्हा नववीत किती मुलं गाळली ते त्यावर लिहिलेलं नसतं. जे पोर दहावीला घसरेल असं वाटतं, त्याच्या बापाला ऑफिसात बोलावून सांगतात, “दाखला घेऊन जा, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरा.” सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षा. पोराचं नाव शाळेच्या निकालातून जातं आणि पोर शाळेतून. बाप सही करतो, कारण त्याला वाटतं सर सांगतात ते बरोबरच असणार. हे सगळं नुसत्या नावलौकिकासाठी झालं. उद्या त्याला पगार जोडलात, तर किती बापांना ऑफिसात बोलावणं जाईल?

आता आमच्या पट्ट्यातल्या एका मुलीबद्दल सांगतो. तिच्यासारख्या मुली दर वर्षी येतात, त्यामुळे नाव सांगायचं कारण नाही. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात, केडगाव-खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळांच्या चुलवाणांवर परप्रांतातून आलेली कुटुंबं जाळ घालत असतात. अशा कोपीवरून ती शाळेत आली. वय चौथीचं, कडेवर धाकटा भाऊ, हातात गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी पत्रक. वाचायला दिलं तर स्वतःच्या नावापलीकडे गाडी जात नव्हती. वहीत बेरीज मांडली की हातचा विसरायची. बाईंनी एक दिवस तिला विचारलं, आज आईने किती मोळ्या बांधल्या? पोरीने आकडा सांगितला, बापाच्या मोळ्या सांगितल्या, दोन्हींची बेरीज सांगितली, कालच्यापेक्षा किती जास्त तेही सांगितलं. बोटं न मोजता. मग बाईंनी वर्गाबाहेर काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या आणि त्यांच्यावरून हातचा शिकवला. धाकटा भाऊ तोवर बाईंच्या टेबलाखाली खडू खात बसलेला. फेब्रुवारी संपेपर्यंत पोरगी तीन आकडी वजाबाकी वहीत मांडू लागली, धड्यातला उतारा अडखळत का होईना पण वाचू लागली. मार्चमध्ये हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळीने ट्रॅक्टर भरला आणि ती गेली. एप्रिलच्या संकलित चाचणीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागलं.

बाईंचं त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं. निकालपत्रकात ते कुठेच नाही. सरासरीच्या कराराने पाहिलं, तर नोव्हेंबरात त्या पोरीला वर्गात घेणं हाच बाईंचा तोटा. हजेरीचा, चाचणीचा, श्रेणीचा, सगळ्या रकान्यांत तोटा. तिला “पुढच्या शाळेत विचारा” असं सांगून परत पाठवलं असतं, तर कागद चांगला दिसला असता.

उसाच्या मुलखात मापाचं महत्त्व कोणाला वेगळं सांगायला नको. ऊस काट्यावर जातो, त्याचं वजन होतं, कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावरून एफआरपी निघते. सगळं किलोत आणि टक्क्यात मोजता येणारं, तरीही काटामारीवरून आणि उताऱ्याच्या चोरीवरून या पुणे जिल्ह्यात किती मोर्चे निघाले ते शेतकऱ्यांनी आठवावं. निर्जीव मोळीचं माप खरं आहे की खोटं यावर विश्वास बसत नाही. मग नऊ वर्षांच्या मुलाची समज एका दिवसाच्या चाचणीच्या काट्यावर घालून, त्या काट्याच्या आकड्यावर तिसऱ्याच माणसाचा पगार ठरवायचा, हे कोणत्या न्यायात बसतं?

या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यात फार जुनं आणि फार शहाणं बोलणं झालेलं आहे. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकापासून शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर देण्याची पद्धत होती. 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. त्यात त्यांनी या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं. ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, त्यांच्यात शिक्षण पसरवायला निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाही, असं त्यांनी मांडलं. अशा लोकांमध्ये स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, कारण त्यात त्याचं पोट भरणार नाही. म्हणून तिथे सरकारी शाळाच हव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा पगार किमान बारा रुपये असावा, मोठ्या गावी त्याहून जास्त असावा आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, असंही सांगितलं.

आमच्या विरोधकांनी पुढे केव्हातरी ही गोष्ट काढण्याआधी आम्हीच सांगतो: जास्त मुलं पास करणाऱ्या खेड्यातल्या शिक्षकाला काही वेगळा भत्ता द्यावा, अशी सूचनाही जोतीरावांच्या त्या निवेदनात आहे. पण तो भत्ता पगाराशिवाय, उत्तेजन म्हणून. आधी पोटापुरता, मानाचा, पक्का पगार. मग वरचं बक्षीस. या क्रमाला आमचा विरोध नाही. आज जे चाललं आहे, त्यात पगारच कापून त्याचं बक्षीस बनवलं जातं. शिक्षकाचंच ताटातलं अर्धं काढून घ्यायचं आणि निकाल लागला तर तेच परत वाढायचं, याला उत्तेजन म्हणत नाहीत.

खुटबावच्या पुढचं स्टेशन केडगाव. तिथे मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनीही त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष दिली होती. मुलींसाठी स्त्री शिक्षक तयार करा आणि त्यांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्या, असं त्या म्हणाल्या होत्या. 1882 साली, एका तरुण बाईने, सरकारी आयोगापुढे. आज आमच्या भागातल्या खासगी शाळांत बहुतेक वर्ग बाईच सांभाळतात आणि त्यांनाच सगळ्यात कच्चे करार दिले जातात. नवऱ्याचा पगार आहे ना, मग तुम्हाला कशाला हवा जास्त, असं तोंडावर बोलतात. रमाबाईंच्या केडगावच्या शेजारी बसून आम्ही हे ऐकून घेणार नाही.

जगाचा अनुभवही थोडक्यात सांगतो. निकालावर पैशाची पद्धत इंग्लंडने 1862 मध्ये आणली होती. परीक्षा देणारं मूल वाचन, लेखन, गणित यातल्या ज्या विषयात नापास होईल, त्या प्रत्येकासाठी शाळेच्या अनुदानातून 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. शाळातपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नल्ड यांनी तेव्हाच तिच्यावर कडक टीका केली: शिकवणं यंत्रासारखं होतं आणि शाळा परीक्षेपुरती उरते. तीसेक वर्षांनी इंग्लंडने ती पद्धत मोडीत काढली. अमेरिकेत अटलांटा शहरात चाचणीच्या गुणांचा धाक आणि आमिष इतकं वाढलं, की 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळांत गैरप्रकार झाल्याचं निघालं. मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून बरोबर उत्तरं लिहिणारे शिक्षकच होते. 2015 मध्ये काहींना शिक्षा झाली. न्यूयॉर्क शहराने 2007 मध्ये शाळांना बोनस देणारी योजना सुरू केली. मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही म्हणून 2011 मध्ये ती बंद केली.

आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात मात्र वेगळं दिसलं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी 2005 पासून तिथल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत प्रयोग केला. मुलांची प्रगती पाहून शिक्षकांना बोनस दिला आणि मुलांचे गुण खरोखर वाढले. हा पुरावा आम्ही लपवणार नाही. पण त्याचा तपशील पाहा. तिथे शिक्षकाचा पगार पक्का होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. बोनस सरासरीने वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. आणि मूल वर्षाच्या सुरुवातीला जिथे होतं तिथून किती पुढे आलं, हे मोजलं होतं. आमच्यासमोर आलेल्या करारात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. आंध्रचं नाव घेऊन आमचा पगार कापायला कोणी आलं, तर त्याला हाच तपशील दाखवू.

पालक विचारतात, आणि त्यांचा तो हक्कच आहे: मग जो शिक्षक शिकवतच नाही त्याचं काय करायचं? आम्ही स्पष्ट सांगतो. सही करून प्लॉटिंगच्या धंद्याला जाणारा, वर्गावर आपल्या जागी दुसरं माणूस बसवणारा, वर्गात न शिकवता संध्याकाळी त्याच मुलांची शिकवणी घेणारा आमचा नाही. खासगी शिकवणीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने बंदी आहे. ती पाळली गेली पाहिजे, असं आम्ही स्वतः म्हणतो. अशा माणसावर कारवाई झाली, तर ही चळवळ त्याच्या पाठीशी उभी राहणार नाही. पण कामचुकाराला पकडायचं असेल तर त्याच्या वर्गात जावं लागतं. केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा तरी वर्गात पूर्ण तास बसावं, वह्या पाहाव्यात, मुलांशी बोलावं, शिक्षकाला तोंडावर सांगावं. पण केंद्रप्रमुख एका माहितीच्या मागे दुसरी माहिती भरत बसलेला असतो, आणि शिक्षकही. यू-डायस, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी. कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलं आहे. तेवढं पाळा, आणि मग आमच्या वर्गात येऊन बसा. आम्ही दार लावून घेणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

कोणत्याही शाळेत, कोणत्याही माध्यमात, शिक्षकाचा मूळ पगार मुलांचे गुण, पालकांचे तारे किंवा आणलेले प्रवेश यांच्यावर ठरवता येणार नाही, असा स्पष्ट शासन आदेश निघावा. प्रवेश आणणं हे शिक्षकाचं कामच नाही. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम, 1977 हा कायदा आहे. नियमात ठरलेल्या वेतनापेक्षा कमी देणाऱ्या संस्थेला ते वेतन त्या पातळीवर आणायला लावण्याचं काम कायद्याने शिक्षण संचालकांवर सोपवलं आहे. ते काम आता करा. तालुक्यातल्या प्रत्येक खासगी शाळेने शिक्षकांना प्रत्यक्ष किती पगार दिला, हे दर वर्षी तपासा. आणि फक्त रजिस्टर पाहू नका, कारण सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा आकडा ही पद्धत या भागात सर्वांना ठाऊक आहे.

करार मराठीत असावा, त्याची प्रत शिक्षकाला मिळावी, वाचायला किमान आठवडाभर मिळावा. बाळंतपणाची रजा कोणत्याही मूल्यमापनातून वगळावी.

शिक्षकाचं मूल्यमापन व्हावं, पण ते वर्गात येऊन व्हावं आणि मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या जूनमधल्या पातळीशी व्हावी. मधूनच आलेलं आणि मधूनच गेलेलं मूल कोणाच्या सरासरीतून उणं होऊ नये. उलट त्याला शिकवल्याची नोंद वेगळी व्हावी. जूनमध्ये मुलं कुठे होती आणि मार्चमध्ये कुठे पोचली, हे शाळा व्यवस्थापन समितीसमोर वाचून दाखवायला आम्ही तयार आहोत. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकांना आमचं काम पाहायचं असेल तर त्यांच्यासाठी हीच जागा आहे.

नववीत गाळणं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणं यावर लक्ष ठेवावं. आठवीच्या पटावरची किती मुलं त्याच शाळेतून दहावीला बसली, तो आकडा निकालाच्या पाटीवर छापणं सक्तीचं करावं.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळा पटसंख्येवरून मोडू नयेत, त्यांच्यावर कंत्राटी शिक्षकाचा उतारा नको. वस्तीवरच्या मुलालाही पक्का शिक्षक हवा.

चळवळ कशी चालेल तेही सांगतो. आमच्या कार्यक्रमासाठी एकाही दिवशी एकही वर्ग बंद राहणार नाही. मोर्चे, सभा, निवेदनं हे सगळं शाळा सुटल्यावर किंवा रविवारी होईल. मंचावर कोणत्याही पक्षाचा नेता असणार नाही; श्रोत्यांत बसायला सर्वांना मोकळीक आहे. कार्यकारिणीत निम्म्या जागा शिक्षिकांच्या, आणि त्यातल्या काही जागा विनाअनुदानित आणि खासगी शाळांतल्या बाईंसाठी राखीव, कारण त्यांचाच आवाज आजवर कुठल्या संघटनेत पोचला नाही. सही नाकारली म्हणून ज्यांची नोकरी जाईल त्यांच्या घरासाठी निधी उभारू. सुरुवातीची वर्गणी पक्का पगार असणाऱ्यांनी भरायची. कच्च्या नोकरीवरच्यांनी ऐपत असेल तर. चळवळीला अजून नाव ठेवलेलं नाही. नावावरून आणि पदांवरून फुटलेल्या संघटना या तालुक्याने पुष्कळ पाहिल्या. आधी काम उभं राहू दे.

सहकाऱ्यांनो, असा करार पुढ्यात आला तर एकट्याने सही करू नका. एक दिवस मागून घ्या, कलमं उतरवून घ्या आणि ती घेऊन आमच्याकडे या. आम्ही ती मराठीत समजावून देऊ, आणि गरज पडली तर तुमच्याबरोबर ऑफिसात येऊन उभे राहू. एका बाईने प्रश्न विचारला की तिला “ते तुम्ही बघा” म्हणता येतं. वीस जणींनी एकत्र विचारला तर उत्तर द्यावंच लागतं.

पालकहो, मोबाइलवर आम्हाला तारे देण्याआधी एक दिवस शाळेत या, आणि तुमच्या पोराच्या वर्गात शेवटच्या बाकावर तासभर बसा. मग आमच्याबद्दल जे मत होईल ते बेधडक ग्रामसभेत मांडा. आम्ही तिथे हजर असू.